दादाच्या तलवारीची चौथी माळ

दादा गेला त्या दिवशी शनिवार होता. तो सकाळी सायकलने पॉलिटेक्निकला गेला. दुपारी शेजारच्यांकडे धंतोलीतल्या एका दवाखान्यातून फोन आला. बाबा ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. संध्याकाळी ते रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या हातात दादाच्या चपला होत्या.

आमचं घर मला आधी आवाजांनी आठवतं. सक्करदऱ्याकडच्या एका गल्लीतल्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून सामानाची अंधारी खोली आणि अंगणात पेरूचं झाड. पहाटे आई स्टोव्हला पंप मारायची, त्या आवाजाने मी जागी होत असे. मग तिची फोडणी. आमच्या घरात फोडणी हा जेवणाची वेळ सांगणारा आवाज होता, तेलात मोहरी तडतडली की बाबा वर्तमानपत्राची घडी करायचे आणि दादा जिथे असेल तिथून ओरडायचा, "आई, आलो." बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की गल्लीतल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावं तेच लिहायचे. बोलायचे मात्र कमी. दादा त्यांच्या उलट. त्याचं नाव अरविंद, घरात अरू. मी त्याला दादा म्हणायची आणि तो मला, सगळ्या घरासारखं, बेबी. आमचा रेडिओ त्याने इतक्यांदा उघडला होता की त्याला मागची फळीच उरली नव्हती. त्याच्या डागण्याच्या बत्तीचा, म्हणजे सोल्डरिंगच्या त्या लोखंडी सळईचा, वास मला अजून नाकात सापडतो. जोड लावताना राळ वितळते, तिचा तो वास. आई देवघरातून म्हणायची, "अरू, तू धूप जाळून राहिला की काय जाळून राहिला?" दादा म्हणायचा, "देवालेच वाहतो आहे वं आई, पण तो देव वेगळा आहे."

त्या उन्हाळ्यात त्याने तलवार करायला घेतली होती. गल्लीत त्याचा मित्र होता पद्माकर, आम्ही सगळे त्याला पद्या म्हणायचो. कॉमर्सला होता, पण जीव सगळा नाटकात. गल्लीच्या गणपतीसाठी त्याने स्वतःच एक नाटक लिहिलं होतं. एका राज्याचा राजा मरतो. दरबारात जो तो त्याची तलवार उचलून पाहतो, पण ती योग्य वारसाच्या हातात गेली तरच उजळते, अशी गोष्ट. वारस म्हणजे युवराज, आणि युवराज अर्थातच पद्या. तलवार उजळवण्याचं काम दादाचं. मूठ म्हणून त्याने एका तुटलेल्या बॅटचा दांडा घेतला. पातं म्हणजे पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानातून आणलेल्या दुधी प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मधे पोकळ. मूठ आणि पातं यांच्यामधे जी आडवी पट्टी असते, तिच्या जागी माझी जुनी कंपासपेटी. तिच्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बरोबर बसायची, आणि अंगठ्याखाली यावं असं दाराच्या घंटेचं एक बटण त्याने तिच्या कडेला लावलं होतं. पात्याच्या आत हरभऱ्याएवढे लाल दिवे. एलईडी हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकला. तीन-तीन दिव्यांच्या चार माळा त्याने गुंफून ठेवल्या होत्या. आज दिवाळीला बर्डीच्या बाजारात असे दिवे झेंडूच्या फुलांसारखे ढिगाने विकतात. तेव्हा तो एकेक दिवा कापसात ठेवायचा.

तलवार तिथेच थांबली. पॉलिटेक्निकच्या परीक्षेत त्याचा एक विषय राहिला होता. निकालाच्या दिवशी बाबांनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त डागण्याची बत्ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे ठेवली. "विषय सुटला की घे," म्हणाले. दादा म्हणाला, "बाबा, गणपती आधी येतात, परीक्षा नंतर येते." बाबा म्हणाले, "तलवार घेऊन नोकरी लागते काय?" त्यावर दादा हसला आणि मला म्हणाला, "लष्करात लागते वं बेबी. कामठीची छावणी जवळच आहे." बाबांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते वर्तमानपत्रामागे नेलं. यापुढचं त्या दोघांचं काही बोलणं मला आठवत नाही. काही महत्त्वाचं नसणारच. घरात माणसं जेवण झालं का, दार लाव, एवढंच बोलतात.

सुतकात फोडणी देत नाहीत. शेजारून पिठलं-भात यायचा, वरण यायचं, सगळं फोडणीवाचून. बाहेरच्या खोलीत, दादाची खाट असायची तिथे, जमिनीवर दिवा तेवत ठेवला होता आणि आई त्याच्याशी बसून असायची. तिने त्या दिवसांत दुसरं काही केलं नाही. वात सरकवायची, तेल घालायचं, वारा आला की हात आडवा धरायचा. कुणी बोलायला आलं की मान हलवायची. मी तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसायची. वाचत नव्हते, पण पुस्तक हातात असलं की लोक मला बोलावत नसत.

दहाव्याला आम्ही खाप्याला गेलो. बाबांचं मूळ घर तिथलं. कन्हानच्या काठावर आमच्या घराण्याची सगळी क्रियाकर्मं तिथेच झालेली. बायका घाटावर जात नाहीत, पण ताराआत्या, बाबांची थोरली बहीण, कुणाचं ऐकणारी नव्हती. ती मला घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली काका विधी करत होते. बाबा बाजूला, धोतर नेसून, हात मागे बांधून. पिंड मांडले. आईने घरून गोळाभात पाठवला होता, कारण दादाला तो फार आवडायचा. तो पानावर वाढला. बाभळीवर कावळे होते. त्यातला एक खाली उतरून चालत चालत पिंडापर्यंत यायचा आणि परत उडायचा.

कावळा शिवत नाही तेव्हा काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला आहे. ते ओळखून त्याला शब्द द्यायचा. मामा पुढे झाले. "अरू, बेबीचं शिक्षण मी करतो. काळजी करू नको." कावळा आला नाही. काका म्हणाले, "तुझ्या आई-बाबाले मी काही कमी पडू देणार नाही गा." कावळा आला नाही. आत्या वरून ओरडली, "ये ना बापा. काहून रुसला? तुझा विषय सुटला समज." कुणाला तरी त्याही परिस्थितीत हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. ऊन चढत होतं. मग बाबा पुढे आले. पिंडाकडे न बघता, नदीकडे बघत, ऑफिसात एखादा निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाले, "अरू, तुझी ती तलवार मी पूर्ण करतो. पद्याच्या नाटकाले देतो." कावळा खाली उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

मी पुढे आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, कावळ्यांविषयीही बरंच वाचलं. भुकेला पक्षी माणसं जरा स्थिर उभी राहिली की उतरतो. तेव्हा नसता उतरला तर थोड्या वेळाने उतरला असता. हे मला त्या पायरीवरही, कच्चं का होईना, कळत होतं. पण शब्द दिला गेला होता, आणि देणाऱ्या माणसाने त्याआधी कधी साधं रेडिओचं बटणही नीट फिरवलेलं नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. सुतक फिटलं तरी आईच्या स्वयंपाकात फोडणी परत आली नाही. पद्या एका संध्याकाळी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "काका, तलवारीचं राहू द्या. आम्ही लाकडाची करतो, वरून चांदीचा कागद लावतो. चालते तेवढं." बाबा म्हणाले, "गणपती कधी आहे?" पद्याने सांगितलं. "मिळेल," बाबा म्हणाले. मी सुचवलं की दादाच्या वर्गातल्या कुणाला तरी बोलवू, ती मुलं हे चटकन करतील. बाबांनी मान हलवली. "मी म्हटलं होतं. मीच करीन."

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी स्टूल लावून कपाटावरचं ते वर्तमानपत्रातलं पुडकं काढलं. उघडलं नाही लगेच, गुडघ्यावर घेऊन बसले. मग एकटेच दादाच्या टेबलाशी गेले. मी आतल्या खोलीतून पाहत होते. दादाच्या सामानात पावडरच्या जुन्या डब्यात रेझिस्टर होते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे, अंगावर रंगीत पट्टे असलेले, दोन्हीकडे तारेचे पाय. दादाने मला एकदा सांगितलं होतं की बॅटरी आणि दिवा यांच्यामधे हा लावावा लागतो, हा विजेला अडवतो. मी तेच बाबांना सांगितलं. बाबांनी डबा हलवून पाहिला. "अडवायचं कशाला?" म्हणाले. "पुरं जळू दे ना त्याले." आणि त्यांनी चौथ्या माळेच्या टोकाच्या दिव्याला बॅटरीच्या दोन तारा सरळ टेकवल्या.

दिवा लागला. इतका प्रखर लाल मी पाहिलेला नव्हता. पापणी लवायच्या आत तो नारिंगी झाला, बारीक टक्क आवाज आला आणि विझला. एक कडवट वास पसरला, राळेचा नव्हता तो. बाबांनी तारा पुन्हा टेकवल्या, उलट्या करून टेकवल्या, बॅटरी जिभेला लावून पाहिली. मग ते तसेच बसून राहिले. मला वाटतं दादा गेल्यापासून ते पहिल्यांदा तेव्हा बसले. म्हणजे खुर्चीत आधीही बसत होते, पण प्रत्येक वेळी उठायच्या तयारीत. आई आतून आली, तिने वास घेतला, टेबलाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली. अंधार पडत आला तेव्हा बाबा म्हणाले, "बेबी, तुझ्या पुस्तकात हे असते काय?"

असायचं. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचा धडा होता आणि त्यात ते एक समीकरण. मला ते पाठ होतं, उपयोग माहीत नव्हता. दादाचं इंग्रजी पुस्तक, माझं मराठी पुस्तक आणि एक शब्दकोश असे तीन घेऊन मी बसले. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी बाबांना समजावून सांगितलं, पाटीवर. बॅटरीचे नऊ व्होल्ट. एका लाल दिव्याला साधारण दोन लागतात. तीन दिवे एकामागे एक, म्हणजे सहा. उरतात तीन. हे उरलेले तीन कुठे तरी खर्च झाले पाहिजेत, नाहीतर दिव्यांतून नको तेवढी वीज धावते आणि ते मरतात. ते तीन रेझिस्टर आपल्या अंगावर घेतो, थोडा तापतो, बस. आता वीज किती धावू द्यायची ते ठरवायचं, आणि तिने त्या तीनला भागायचं. पुस्तकात जी वरची मर्यादा दिली होती तिने भागलं तर दीडशे ओहम येत होते. त्याहून लहान लावायचा नाही. मोठा कितीही लावा. जितका मोठा तितका दिवा मंद. बाबांनी सगळं ऐकलं. पाटी जवळ ओढली, माझ्या आकड्यांखाली स्वतःच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात तीच मांडणी पुन्हा केली, आणि म्हणाले, "म्हणजे हा मधात नसला तर..." 

डब्यातले रेझिस्टर सगळे एकत्र मिसळलेले होते. कुठला किती ओहमचा हे त्याच्या पट्ट्यांच्या रंगांवरून ओळखायचं. तक्ता दादाच्या पुस्तकात होता. बाबांना बारीक दिसेना आणि मला पिवळा आणि नारिंगी सारखेच वाटत. आई भांडी घासून आली होती. उभी राहून बघत होती. मग तिने स्टीलचं ताट आणलं, डबा त्यात पालथा केला, ट्यूबलाइटखाली मांडी घातली आणि तांदूळ निवडते तसे बोटाच्या टोकाने ते रेझिस्टर सरकवू लागली. "हे पिवळे-जांभळे-तपकिरी एकीकडे. हे लाल-लाल-तपकिरी. हे कोणते वं बेबी, करडे आहेत का काळे?" इतकं लांब ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. ताटाच्या कडेने लहान लहान ढीग झाले. बाबा मला आकडे विचारत होते, मी तक्त्यात बघून सांगत होते, आणि आई एखाद्या ढिगातला एक उचलून दुसऱ्यात टाकायची, खडा काढून टाकावा तसा, म्हणायची, "हा इकडचा नोहे."

पण एक दिवा मेल्यापासून बाबांचं धाडस गेलं होतं. सामानाच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही पहिल्या माळेला एकेक रेझिस्टर लावून पाहू लागलो. दीडशेला त्यांनी हातच लावू दिला नाही. दोनशेवीसचा लावला, माळ छान लागली, तर म्हणाले, "काढ, काढ. मोठा लाव." चारशेसत्तर. "अजून मोठा." शेवटी दहा हजारांचा लावला तेव्हा दिवे म्हणजे उदबत्तीची विझत आलेली टोकं दिसत होती. "दिसतात ना?" बाबा म्हणाले. "मग झालं. हे मरायचे नाहीत." मला राग आला होता, पण बाबांशी वाद घालायची आमच्या घरात रीत नव्हती. आई दारात होती. म्हणाली, "अहो, वात इतकी बारीक केली की दिवा राहत नाही. मी दहा दिवस पाहिलं ना."  ती आत आली, ताटातून एक उचलून माझ्या हातात दिला. पिवळा-जांभळा-तपकिरी, म्हणजे चारशेसत्तर. "हा मघाचा बरा होता. डोळ्याले लागत नाही आणि दिसतेही." मी तो लावला. बाबांनी त्या लाल माळेकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

चौथ्या माळेचा प्रश्न राहिला. तिच्यात आता दोनच दिवे होते. मी म्हटलं नवा एक आणू. बाबांना ते नको होतं. त्यांना दादाने गुंफलेलेच दिवे हवे होते, जितके उरले तितके. आणि मेलेला दिवाही काढायचा नव्हता. तेव्हा त्याच्या दोन पायांमधे एक तार टाकून आम्ही विजेला बाजूने वाट करून दिली. पण मग दोन दिव्यांचे चार जातात, उरतात पाच. ओझं वाढलं, रेझिस्टर वेगळा हवा. मी हिशेब केला: बाकी तिघींइतकीच उजळायची तर आठशेच्या जवळपास, म्हणजे आठशेवीस ओहमचा. ताटात तो ढीगच नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून सुटल्यावर बर्डीवर गेले आणि कागदाच्या पुडीत करडा-लाल-तपकिरी असा एक घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, एकच? बाबा म्हणाले, एकच. हे त्यांनी जेवताना स्वतःहून सांगितलं.

जोड बाबांनी लावले. कथील भलतीकडे टपकायचं, अंगठ्याला चटका बसला. पद्या तालमीहून यायचा आणि बाजूला बसायचा. एकदा म्हणाला, "काका, तुम्ही सोल्डर करता की अक्षर गिरवता?" खरंच, ते प्रत्येक जोडाला शेवटी एक बारीक वळण देत, जसं सहीखाली द्यायचे. "तू तुझं भाषण पाठ कर," बाबा म्हणाले. "तलवार हातात घेऊन इतका वेळ बोलतो, अंगठा दुखत नाही काय तुझा?" भाषण लांब होतं हे खरं, कारण ते पद्याने स्वतःच लिहिलं होतं. घरात पुन्हा राळेचा वास होता. आई देवघरातून काही म्हणाली नाही. पण ती वास येत असेपर्यंत तिथेच बसून राहायची.

त्या वर्षी आमच्या घरी गणपती बसला नाही. नाटकाच्या दिवशी ताराआत्या आलेली होती. बाबा सदरा घालताना दिसले तशी म्हणाली, "वर्ष तर होऊ दे गा. दुखवट्याचं घर आपलं, मंडपात कसा जातो?" बाबा म्हणाले, "मंडपात कोण जाते? गल्लीत उभा राहतो. गल्ली काही मंडपाची नाही." आत्या त्यावर काहीतरी पुटपुटली, पण पदर डोक्यावर घेऊन तीही निघाली. आई आली नाही. बाबा, आत्या आणि मी मंडपाच्या मागे, विजेच्या खांबाला टेकून उभे राहिलो. खुर्च्या भरलेल्या. रंगमंचावर दोन्ही बाजूंनी हॅलोजन सोडलेले, पांढरे फटक. प्रवेश झाले, दरबार भरला, एकेकाने तलवार उचलून पाहिली आणि ठेवली. मग पद्या आला. त्याने तलवार उचलून आडवी धरली, अंगठा दाबला. मला अंगठा दाबलेला दिसला.

आणि काहीच दिसलं नाही. त्या हॅलोजनच्या उजेडात ते पातं दुधी होतं ते दुधीच राहिलं. आम्ही सगळं अंधाऱ्या खोलीत तपासलं होतं. मंचावर दिवे असतात हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या खुर्चीतला कुणी तरी म्हणाला, "लागली नाही वाटते." बाबांनी खांबाला धरलं. "मेले काय गं सगळे?" त्यांनी मला विचारलं.  तलवार लागली की नाही याच्याशी त्या मंडपात कुणाचं काही अडलेलं नव्हतं, आणि माझ्या शेजारी उभ्या माणसाचं सगळं त्याच्यावर अडलेलं होतं.

पद्याच्या हातात तलवार होती, त्याला ती जवळून दिसत होती. त्याने भाषण सुरू केलं नाही. प्रधानाकडे वळून म्हणाला, "प्रधानजी, मशाली विझवायला सांगा. ही तलवार बघायची तर अंधार करावा लागतो." प्रधानाला हे वाक्य ठाऊक नव्हतं, तो म्हणाला, "युवराज?" पद्याने पुन्हा तेच म्हटलं. दिव्यांच्या बटणांशी बसलेला पोरगा नाटक बघत राहिला. तेव्हा युवराज विंगेकडे तोंड करून म्हणाले, "अबे, हॅलोजन बंद कर ना." सगळा मंडप हसला. हसू चालू असतानाच दिवे गेले.

लाल उजेड पात्यात भरलेला होता. टोकाजवळ एका दिव्यापुरता काळा ठिपका, बाकी मुठीपासून वरपर्यंत सारखा, न चमकणारा, निखाऱ्यावर राख धरली की असतो तसा. हसणं थांबलं. पद्याने भाषण म्हटलं, पूर्ण, एक वाक्य न गाळता. त्याचा चेहरा त्या उजेडात जेमतेम दिसत होता. ते आठशेवीस आणि चारशेसत्तर आतमधे आपापलं ओझं घेऊन बसले होते, हे तिथे मला आणि बाबांनाच माहीत होतं. पडदा पडेपर्यंत ती तशीच राहिली. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौथीही लागली बेबी."

घरी आलो तर बाहेरच्या खोलीत दिवा होता आणि आत मोहरी तडतडली. मी दारातच थांबले. आत्या माझ्यावर आदळली, "चाल ना वं, मधात काय उभी राहते?" आईने गोळाभात केला होता. बेसनाचे गोळे घालून शिजवलेल्या भातावर गरम तेलाची हिंग-मोहरीची फोडणी ओतायची असते, ती ओतताना जो आवाज होतो तो घरात दीड-दोन महिन्यांनी झाला. तिने विचारलं, "लागली?" बाबा म्हणाले, "लागली. शेवटपर्यंत." तिने त्यांच्या पानावर अजून थोडी फोडणी ओतली. त्या रात्री जेवताना आम्ही दादाचं नाव घेऊन बोललो. पद्याने युवराज असून हॅलोजनवाल्याला कसं झापलं हे आत्याने तीनतीनदा सांगितलं, आणि दरवेळी ती म्हणायची, अरू असता तर लोळला असता.

पद्या पुढे बँकेत लागला, बदल्यांवर गेला. अजूनही गणपतीत त्याचा फोन येतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा या चैत्रात गेले. शेवटपर्यंत त्यांचं अक्षर टिकून होतं, बोलणं तेवढंच कमी. दहाव्याला आम्ही पुन्हा खाप्याला गेलो. कन्हानला पाणी कमी होतं. पान मांडून आम्ही मागे सरकलो न सरकलो तोच कावळा उतरला. कुणाला काही म्हणावं लागलं नाही. परतताना गाडीत मला त्याचंच जास्त रडू आलं.

मी हे हळूहळू लिहिते आहे, दिवसाला एखादं पान, कधी तेही नाही. मधल्या वेळात बाबांचं कपाट आवरते. तलवारीचं प्लास्टिकचं पातं घर बदलताना तुटलं होतं, बॅटचा दांडा वाळवीने खाल्ला. कंपासपेटी बाबांनी ठेवली होती, कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून. आत रेझिस्टर जिथल्या तिथे आहेत आणि बाहेर लोंबणाऱ्या चार माळा. मागच्या आठवड्यात मी बाजारातून नऊ व्होल्टची बॅटरी आणून घातली आणि बटण दाबलं. तीन माळा लागत नाहीत. चौथी लागते. तिच्यात दोन दिवे आहेत.